आमची वाटचाल : चष्म्याच्या दुकानातून दुर्बिणीकडे

इंदूरच्या रामबागेत वडिलांचे चष्म्यांचे दुकान होते, त्यामुळे दुर्बिणी विकायला घेतल्या तेव्हा आम्ही भिंगाच्याच मागवल्या. एकेरी भिंगातून निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच बिंदूत एकत्र येत नाहीत, हे ठाऊक असूनही स्वस्त माल घेतला; पहिल्याच गिऱ्हाइकाने गुरूभोवती जांभळी कड दिसते म्हणून दुर्बीण परत आणली. दोन वेगळ्या काचांच्या जोडभिंगाने हा दोष पुष्कळ कमी होतो, पण मोठ्या व्यासात ते फार महाग पडते. भिंगाचा हा दोष जाणारच नाही, असे न्यूटनला वाटत होते. समज चुकीचा होता, पण त्यापायीच त्याने १६६८ साली आरशाची दुर्बीण केली आणि आम्हालाही तीच वाट सापडली.

आमचा पहिला आरसा १५० मिलीमीटर व्यासाचा आणि १२०० मिलीमीटर नाभीय अंतराचा, म्हणजे दूरच्या वस्तूचा प्रकाश तो इतक्या अंतरावर एकत्र आणतो. एवढ्यासाठी काचेच्या मध्यभागी जेमतेम १.२ मिलीमीटर खोली आणायची असते. दोन काचांमध्ये पाणी आणि कार्बोरंडमची (काच घासणाऱ्या अतिकठीण पदार्थाची) भुकटी घालून घासत राहिले की वरची काच खोलगट आणि खालची फुगीर होत जाते. भुकटी टप्प्याटप्प्याने बारीक करायची आणि प्रत्येक वेळी हात, बादली, टेबल सारे धुवायचे. मी एकदा टेबलाची कड धुवायला विसरलो. जाड भुकटीच्या एका कणाने आरशावर रेघ ओढली आणि दोन टप्पे मागे जावे लागले. तेव्हापासून जाड भुकटीची बरणी माडीवर असते.

पॉलिश झाल्यावर फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ साली सांगितलेली पात्याची चाचणी घेतो : आरशावरून परतलेला प्रकाश जिथे एकत्र येतो तिथे पाते आडवे सरकवले की आरशाचे उंचसखल भाग सावल्यांसारखे दिसतात. आरशावर मिनिटभर अंगठा टेकवला, तर उष्णतेने फुगलेली काच या चाचणीत टेकडीसारखी दिसते. दुकानात आलेल्या मुलांना आम्ही हे आवर्जून दाखवतो.

गिऱ्हाईक मात्र आधी "किती पट मोठे दिसते?" हेच विचारते. पट आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर ठरते : याच दुर्बिणीला २५ मिलीमीटरच्या आयपीसने ४८ पट, तर १० मिलीमीटरच्या आयपीसने १२० पट मिळते. खरा फरक व्यासाचा, कारण ७५ मिलीमीटरच्या चौपट प्रकाश १५० मिलीमीटरचा आरसा गोळा करतो. प्रकाश दुमडून नळी आखूड करणाऱ्या कॅसेग्रेन दुर्बिणी आम्ही विकतो, बनवत नाही. त्यांचा फुगीर दुय्यम आरसा तपासणे आमच्या आवाक्याबाहेर आहे.

पावसाळ्यात माळव्याचे आकाश झाकलेले असते, तेव्हा घासण्याचेच काम चालते. सध्या टेबलावर २०० मिलीमीटरची काच आहे.