ऑक्टेव्हिया आरएसचा अडकणारा गिअर : साताऱ्यातल्या कामाची नोंद

गाडी पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. १.८ लिटर टर्बो, १५० पीएस, पाच गिअर, गिअरबॉक्स ०२जे. इंजिन आडवं बसवलेलं आणि गिअर दोन केबलींवर चालणारे. तक्रार एका वाक्यात सांगितली जाते, 'गिअर जड पडतोय', पण नीट ऐकलं तर त्यात तीन तक्रारी आहेत. हिवाळ्यातल्या सकाळी, १०-१२ अंशांत, पहिली दोन-तीन किलोमीटर पहिला आणि दुसरा गिअर घट्ट. यवतेश्वर घाट चढून गाडी तापली की उभ्या गाडीत पहिला आणि रिव्हर्स अडतो. आणि कासच्या वळणांवर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना बारीक करकर.

थंडपणी जड, गरमपणी जड आणि एकाच गिअरला करकर, या तिन्हींची कारणं वेगळी असतात. ती एकत्र धरली की थेट 'गिअरबॉक्स उतरवू' इथवर गोष्ट जाते. या गाडीत गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, स्टार्टर आणि माउंटिंग सोडवावं लागतं. म्हणून ते काम सगळ्यात शेवटी, आणि तेही बाहेरचं एक-एक कारण वगळून झाल्यावरच.

पहिला रविवार : इंजिन बंद, इंजिन चालू

सुरुवात फुकटच्या तपासणीने. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. क्लच दाबून पाचही गिअर आणि रिव्हर्स सावकाश टाकून पाहायचे. मग इंजिन चालू करून तेच. बंद इंजिनावर गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. दोन्हीकडे सारखेच जड असतील तर केबल, लिव्हर किंवा सिलेक्टरकडे (गिअरबॉक्सवरचा गिअर निवडणारा भाग) बघायचं. या गाडीत बंद इंजिनावरही थोडा जडपणा होता आणि चालू इंजिनावर तो वाढत होता. म्हणजे दोन्हीकडे काही ना काही आहे.

दुसरी तपासणी तापलेल्या गाडीवर. न्यूट्रल, आयडलवर, क्लच तळापर्यंत दाबून पाच सेकंद थांबायचं. एवढ्या वेळात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट थांबायला हवा. मग रिव्हर्स टाकायचा. करकर आली किंवा गिअर आत शिरायला तयार नसेल, तर प्लेट फ्लायव्हीलला घासतेय आणि शाफ्ट अजून फिरतोय. इथे दोन्ही झालं. पेडल दोनदा पटापट पंप केल्यावर मात्र रिव्हर्स निमूट पडला. पंप केल्याने सुधारतंय याचा अर्थ बोट क्लच प्लेटकडे नाही, हायड्रॉलिककडे, म्हणजे पेडलचा दाब ऑइलने क्लचपर्यंत नेणाऱ्या भागांकडे.

पेडल सोडताना गाडी ओढायला लागते ती जागाही मोजली. तळापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर. इतक्या खाली पकड असेल तर क्लच सुटायला जागाच उरत नाही.

त्यातला काही भाग पायाखालीच सापडला. मूळ कार्पेट, त्यावर जाड सेव्हन-डी मॅट आणि पावसाळ्यात चिखलासाठी टाकलेली रबरी मॅट, असे तीन थर. पेडल तळाला लागतंय असं वाटत होतं, प्रत्यक्षात ते मॅटला लागत होतं. वरच्या दोन्ही काढल्या आणि रिव्हर्सची करकर तिथल्या तिथे कमी झाली. ही तपासणी सगळ्यात आधी करा, पाना हातात घेण्याच्याही आधी.

दुसरा रविवार : क्लचचं हायड्रॉलिक

या गाडीत क्लच आणि ब्रेकचं ऑइल एकाच डब्यात असतं. क्लचची नळी डब्याच्या बाजूला वरच्या अंगाला लागते. पातळी खाली गेली की आधी क्लचला हवा लागते, ब्रेक बिचारे शाबूत राहतात. म्हणून 'ब्रेक चांगले आहेत, म्हणजे ऑइल ठीक आहे' हा हिशोब इथे चालत नाही.

ऑइल चहासारखं काळपट निघालं. डॉट ४ हवेतली ओल शोषतं. कोरडं असताना त्याचा उत्कलनांक किमान २३० अंश, ओल धरल्यावर किमान १५५. साताऱ्याच्या पश्चिमेला जावळीकडच्या पावसात राहणाऱ्या गाडीचं ऑइल दोन वर्षांनी बदलायचंच, ते कितीही स्वच्छ दिसलं तरी.

बॅटरी आणि तिचा ट्रे काढल्यावर स्लेव्ह सिलेंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलेंडर, हाताला येतो. तो गिअरबॉक्सला बाहेरून दोन बोल्टांवर असतो, हे या गिअरबॉक्सचं मोठं सुख. रबरी टोपी बोटाने उचलली आणि आत ओल. कापड फिरवलं तर त्यावर तपकिरी, निसरडा डाग. स्लेव्ह गळतोय. नवा बसवला. एक इशारा: स्लेव्ह काढलेला असताना पेडलला कुणीही हात लावू नये, पाय तर नाहीच. पिस्टन बाहेर उडतो.

ब्लीडिंगला, म्हणजे ऑइलमधली हवा काढायला, दोन माणसं. निपलला ११ चा पाना, पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. एकाने पेडल सावकाश तळाला नेऊन धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडायचा, बुडबुडे थांबले की बंद करायचा, मगच पेडल वर. या गाडीचं पेडल हवा असताना तळालाच बसून राहतं, ते हाताने वर ओढावं लागतं. त्याने घाबरू नका. डब्यातली पातळी दर पाच-सहा खेपांनी भरत राहा. अर्धा लिटरच्या बाटलीत काम होतं. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, पुसत बसू नका.

निकाल: पकड आता पेडलच्या साधारण मध्यावर आली. तापलेल्या गाडीत रिव्हर्स आणि पहिला एका झटक्यात पडतात. तीनपैकी एक तक्रार संपली.

तिसरा रविवार : केबल, आणि कासची लाल माती

बंद इंजिनावरचा जडपणा राहिलाच होता. तो गिअरबॉक्सच्या आत आहे की बाहेर, हे ठरवायची एकच खात्रीची रीत: गिअरबॉक्सवरची दोन्ही केबलींची टोकं सोडवायची. मग आत बसून गिअरचा दांडा हलवायचा आणि बाहेर उभं राहून सिलेक्टर हाताने हलवायचा. दांडा जड राहिला आणि सिलेक्टर मोकळा, तर दोष केबलीत. उलट असेल तर सिलेक्टरमध्ये किंवा त्याच्या आत.

इथे दोन गोष्टी दिसल्या. पुढे-मागे चालणारी केबल ठीक. डावी-उजवी निवडणारी केबल ज्या रिले लिव्हरला चालवते, त्याच्या खुंटीवर ग्रीस आणि मातीचा लालसर लगदा वाळून बसला होता. जांभ्याची ती लाल धूळ पावसात भिजते, इंजिनच्या उष्णतेने वाळते आणि दर पावसाळ्याला एकेक पापुद्रा चढत जातो. नखाने खरवडला तर विटेच्या भुकटीसारखा गळाला. आतलं प्लॅस्टिकचं बुश एका बाजूने झिजून लंबगोल झालं होतं. म्हणजे लिव्हर एकाच वेळी घट्टही होता आणि त्यात खेळही होता. दांड्याला नेमकं तेच जाणवतं: आधी ढिला, मग एकदम अडलेला.

बुश नवं. खुंटी डिझेलने धुऊन, कोरडी करून, लिथियम ग्रीसचा पातळ थर. इथे इंजिन ऑइल लावू नये, ते धूळ ओढतं. गंज सोडवायचा स्प्रेही कायमचा उपाय म्हणून नको. तो जुनं ग्रीस धुऊन नेतो आणि दोन आठवड्यांनी जागा कोरडी ठणठणीत.

केबल सोडवली की जुळवणी परत करावीच लागते. गाडी न्यूट्रलमध्ये. केबलींच्या टोकांशी स्प्रिंगची कॉलर असते. ती पुढे ओढून फिरवली की अडकून राहते आणि केबलची लांबी मोकळी होते. सिलेक्टर शाफ्ट वरून खाली दाबायचा आणि दाबलेला असतानाच बाजूचा छोटा कोनातला लिव्हर आत फिरवून शाफ्ट जागच्या जागी बांधायचा. आत गाडीत दांड्याभोवतीचं आवरण वर काढून दांड्याच्या भोकातून खालच्या भोकात खिळा घालायचा. कंपनीचा खास खिळा मिळतो, पण त्या भोकात न डुलता बसणारी, सुमारे ५ मिलिमीटरची ड्रिल बिट चालते. डुलणारी चालत नाही, सगळी जुळवणी तेवढीच चुकते. दोन्ही बाजू बांधल्या की कॉलर सोडायच्या, स्प्रिंग स्वतःच लांबी ठरवते. मग लिव्हर बाहेर, खिळा बाहेर.

तपासायचं असं: पहिला गिअर टाकून दांडा डावीकडे टेकेपर्यंत दाबून सोडायचा. त्या वेळी सिलेक्टर शाफ्टमध्ये सुमारे १ मिलिमीटर खेळ दिसला पाहिजे. अजिबात नसेल तर जुळवणी पुन्हा.

याच दिवशी खाली वाकून इंजिनचं खालचं माउंटिंग, हाडकासारखं दिसतं ते, टॉमीने हलवून पाहिलं. रबर फाटलेलं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना इंजिन झुलतं आणि केबलींना सोबत नेतं. इथलं रबर शाबूत होतं. बदलायची वेळ आली तर बोल्टही नवे घ्यायचे, ते ताणून बसवलेले असतात.

चौथा रविवार : तेल

थंडीतला जडपणा गिअरबॉक्सच्या तेलाकडे बोट दाखवतो. साधारण २ लिटर लागतं, ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक, जीएल-४. हा जीएल-४ वर्ग महत्त्वाचा. ऊस वाहणारे ट्रॅक्टर आणि जीप यांच्यामुळे सातारा-सांगलीच्या काउंटरवर 'गिअर ऑइल ९०' मागितलं की बऱ्याचदा डिफरन्शियलचं जीएल-५ पुढे येतं. त्यात गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते. तापल्यावर गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो रिंगला खातात, शिवाय तेल इतकं निसरडं होतं की रिंगला शंकूवर पकडच मिळत नाही. सिंक्रोचं कामच मुळी घासून वेग जुळवणं आहे. बाटलीवरची ओळ वाचा, दुकानदाराचं तोंड बघू नका.

आधी तेल भरायचा प्लग सोडवा, मग तेल काढायचा. दोन्हीला १७ ची अ‍ॅलन. भरायचा प्लग अडला आणि तेल आधीच काढलेलं असलं, तर गाडी जागेवरून हलत नाही. गाडी कोमट, चारही बाजूंनी घोडीवर सपाट. एका टोकाला उचललेल्या गाडीत पातळी चुकते. भोकातून तेल ओघळेपर्यंत भरायचं.

निघालेलं तेल पांढऱ्या ताटात घेऊन उन्हात पाहिलं. राखाडी लगदा नेहमीचाच. पण बोटावर सोनेरी चमचम आली आणि चुंबकाला चिकटली नाही. म्हणजे पितळ, म्हणजे सिंक्रो रिंग. पोलादाचे तुकडे एकही नाहीत, हा दिलासा. जुनं तेल डब्यात भरून तेल गोळा करणाऱ्याकडे गेलं. गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये.

सद्यस्थिती

नवं तेल घालून साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कास, जाऊन-येऊन. सकाळचा जडपणा आता पहिल्या चौकापर्यंतच. तापलेल्या गाडीत सगळे गिअर मोकळे. तिसऱ्यातून दुसऱ्यात येतानाची करकर कमी झाली, गेली नाही. ३००० आरपीएमच्या खाली येत नाही, वर घाईत टाकला की येते. न्यूट्रलला क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला हलका टिचका, परत क्लच आणि दुसरा, असा डबल क्लच मारला की करकर पूर्ण गायब. यावरून दोष दुसऱ्याच्या सिंक्रो रिंगचा, क्लचचा नाही, हे पक्कं.

रिंग बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तो उतरेल तेव्हा क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच खेपेला. तोवर दांड्यावर हात विसावून ठेवणं बंद, कारण त्या वजनाने सिलेक्टरचा फोर्क फिरत्या स्लीव्हवर घासत राहतो. १,००० किलोमीटरला नव्या तेलाचा चमचाभर नमुना पुन्हा पांढऱ्या ताटात घ्यायचा आहे. सोनेरी चमचम वाढली असेल तर गिअरबॉक्स दिवाळीआधी खाली.