कोर्टात जाऊन काही होतं का?

काळा कोट दिसला की सेटलमेंटमधलं कुणी ना कुणी हे विचारतंच. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. होतं. पण कोर्टात कमी, पोलीस ठाण्याच्या टेबलावर जास्त.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्यांच्यासाठी सोलापुरात काटेरी तारेच्या आत वसाहत होती, तीच ही सेटलमेंट. गिरणीत राबून आलेल्यालाही हजेरी चुकत नसे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पण कुठे घरफोडी झाली की ‘आधी त्या वस्तीतली पोरं उचला’ ही खोड गेली नाही. जन्मावरून माणूस जोखायची तीच खोड तुरुंगाच्या नियमावल्यांतही होती. सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कामं वाटणारे नियम रद्द केले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षं लागली!

रात्री दोनला उचललेल्या पोराची अटक कागदावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची दिसते. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं, हे घटनेचं २२ वं कलम तिथेच लुळं पडतं. म्हणून अटकेच्या मेमोवर सही करण्याआधी तारीख-वेळ वाचा. घरातल्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही हवी; सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून ते बंधनकारक आहे. फिर्याद द्यायला गेलात आणि एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेऊन बोळवण केली, तर पोलीस अधीक्षकांना (शहरात आयुक्तांना) लेखी कळवा, पोच घ्या. पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

आता मेख. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. पारधी त्यात बसतात. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, आपल्याकडे मात्र विमुक्त जातीत. म्हणजे तीच जात, तीच शिवी, पण सोलापुरात अ‍ॅट्रॉसिटी लागत नाही. मला हे अजूनही पटत नाही, आणि पक्षकाराला समजावताना जीभ अडखळते.

निकालाने शेजाऱ्याचं मन बदलेल असं मी कुणाला सांगत नाही. तारखा पडतात, साक्षीदार फितूर होतात. पण वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अर्ज साधाच असतो. जाताना पोराला नेलं तेव्हा घरच्यांनी तुम्हाला केलेल्या फोनचा स्क्रीनशॉट घेऊन जा. त्यावर वेळ असते.