आमची वाटचाल : आरागिरणी, परवाना आणि निवेदने

चिपळूणच्या आमच्या आरागिरणीचा परवाना मुंबई वन नियम, 1942 खाली वडिलांच्या नावे निघाला, तेव्हा आतल्या गावांत ओंडके अजून खड्ड्यावर ठेवून हाताने कापले जात होते. एक गडी वर, एक खाली. वडिलांनी छत्तीस इंची चाकांची पट्टा करवत बसवली. तिच्या पात्याला धार लावण्याचे आणि दात बसवण्याचे काम आम्ही आजही बाहेर देत नाही. सातवीण-सावरीसारख्या मऊ लाकडाला आणि ऐन-किंजळीसारख्या टणक लाकडाला एकाच बसवणीचे दात चालतील असे ज्याला वाटते, त्याने या धंद्यात पडू नये.

पुढची बरीच वर्षे नीट गेली, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही.

वनांच्या रक्षणासाठीच्या गोदावर्मन प्रकरणातील 12 डिसेंबर 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश या व्यवसायात सर्वांना पाठ आहे. आम्हांला मात्र झळ बसली ती 4 मार्च 1997 च्या आदेशाची, ज्याने महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातील विनापरवाना आरागिरण्या तत्काळ बंद करण्यास आणि नवे परवाने न देण्यास सांगितले. वडील त्याआधीच वारले होते, परवाना वारसांच्या नावे करण्याचा अर्ज आम्ही मुदतीत दिला होता आणि नूतनीकरणाचे शुल्क भरल्याची पावतीही आमच्याकडे होती. तरीही अर्जावर निर्णय झालेला नाही एवढ्याच कारणावरून संबंधित कार्यालयाने आम्हांला विनापरवाना ठरवले आणि यंत्राला सील ठोकले. निर्णय न देणारे कार्यालय तेच, हे सांगायला नकोच. हापूसच्या लाकडी पेट्यांची मागणी ऐन भरात यायची ती वेळ होती. बागायतदारांचे आगाऊ पैसे परत करताना वखारीतला सुकवून ठेवलेला साग मिळेल त्या भावाने विकावा लागला, आणि पेट्यांचा हंगाम एका मोठ्या वखारवाल्याकडे गेला.

हे गृहस्थ आमच्याच आरागिरणीवाल्यांच्या संघटनेचे पदाधिकारी होते. बंदी कडक असावी, प्रलंबित अर्जांना सवलत नको, असे संघटनेच्या निवेदनात घालावे म्हणून त्यांनी बैठकीत आग्रह धरला आणि वनसंरक्षणावर मोठे भाषणही केले. नवा परवाना निघत नसेल तर जुन्या परवान्याला आपोआप किंमत येते, हे त्या भाषणात नव्हते. त्यानंतर संघटनेत उघड दोन तट पडले, आणि वनखात्याशी भांडण्याइतकाच वेळ आमचा आपल्याच माणसांशी भांडण्यात गेला.

त्या काळात उपयोगी पडले ते गुहागरकडचे आमचे जुने गिऱ्हाईक, घरबांधणीचे सुतार. त्यांनी आपली आगाऊ रक्कम परत घेतली नाही. शिवाय ज्या शेतकऱ्यांच्या बांधावरची झाडे आमच्याकडे कापली जात, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी सातबाऱ्याचे उतारे आणि सह्या गोळा केल्या. आमच्या गिरणीत येणारे लाकूड खाजगी जमिनीतले, तोडीची परवानगी आणि वाहतूक पास असलेले आहे, हे त्या कागदांनी दाखवले. वकिलांनी अर्जाच्या पावतीसह तेच पुढे केले आणि परवाना आमच्या नावे झाला.

तेव्हापासून संघटनेची निवेदने लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. तरुण सभासदांना एक सांगणे आहे : मंत्र्यांच्या भेटीचे फोटो काढण्याआधी कायदा वाचा. महाराष्ट्र झाडे तोडण्याचे विनियमन अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, फणस, ऐन, किंजळ यांसह सोळा प्रकारची झाडे आहेत. तोडीचा प्रश्न या अधिनियमाचा आहे, तर वाहतुकीचा प्रश्न भारतीय वन अधिनियमाच्या कलम 41 खालील नियमांचा. दोन्ही मागण्या एकाच अर्जात कालवल्या की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. बांबूचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. 1927 च्या अधिनियमातील झाडाच्या व्याख्येत बांबू होता, म्हणून शेतातल्या बांबूलाही पासाचा जाच होता. 2017 च्या दुरुस्तीने तो व्याख्येतून वगळला गेला. मागणी नेमक्या कलमावर बोट ठेवणारी असावी, ती अशी.

ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विनापरवानगी वृक्षतोडीचा दंड 1,000 वरून 50,000 रुपये करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा संघटनेतील काहींना सरसकट विरोध करायचा होता. त्या विरोधाच्या निवेदनाचा मसुदा आम्ही फाडला. चोरट्या तोडीचे लाकूड स्वस्त विकले जाते आणि त्यात पहिला बळी पडतो तो पास काढून लाकूड आणणारा गिरणीवाला, तेव्हा दंडाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आमची मागणी एवढीच होती की शेतकऱ्याने स्वतः लावलेल्या झाडाची सातबाऱ्यावर नोंद असेल तर तोडीच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत लेखी निर्णय मिळावा, आणि मुदत उलटल्यास तो विलंब अर्जदाराच्या माथी मारू नये. विलंबाविषयीचे हे दुसरे वाक्य काढून टाका, असे त्याच वखारवाल्या गृहस्थांनी सुचवले होते. ते आम्ही ठेवले.