१,६५,३१२ स्क्रू

नेदरलँड्समधल्या यूट्रेख्टहून गाडीत बसले आणि बूड टेकतंय तोवर ड्रीबर्गेन-झाइस्ट आलंसुद्धा. दहा मिनिटांचा प्रवास, पण त्यासाठी मी दोन वर्षं मनात मांडे खात होते. स्टेशनजवळच गर्द झाडी आहे आणि त्या झाडीत ट्रिओडोस बँकेचं मुख्यालय. वास्तुविशारद थॉमस राऊ यांच्या कार्यालयाने आखलेली ही इमारत २०१९ मध्ये पूर्ण झाली. तळघर काँक्रीटचं, वरचा सांगाडा लाकडाचा. उद्या नको झाली तर सुटी करून दुसरीकडे वापरता यावी म्हणून ती १,६५,३१२ स्क्रूंनी जोडली आहे. आकडा इतका नेमका, की कुणीतरी खरंच मोजत बसलं असणार.

अशा सुट्या करून पुन्हा वापरता येणाऱ्या इमारतीला ‘चक्रीय इमारत’ म्हणतात. बरोबरच्या मैत्रिणीला ती म्हणजे गोल इमारत वाटली होती. तिची चूक नाही, कारण इथल्या भिंतीही वळणं घेत जातात. कमी-जास्त उंचीचे तीन बुरूज, बाहेरून नुसती काच.

आत जायची परवानगी आधीच मागून ठेवली होती. पहिल्यांदा जाणवला तो वास, रंधा नुकताच फिरल्यासारखा. मग मान वर गेली. मधल्या लाकडी गाभ्यापासून तुळया चहूकडे पसरतात, अळिंबीच्या छत्रीखालच्या पापुद्र्यांसारख्या. छत घालून काही झाकलेलं नाही. मी इमारतींचे सांगाडे आखते, त्यामुळे लोक नक्षी बघतात तिथे मी सांधे बघते. एका खांबापाशी वाकून बोट फिरवलं. फळ्या एकावर एक चिकटवून केलेला खांब, थरांच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे खांबाच्या पोटात डिंक आहेच. फक्त खांब आणि तुळई एकमेकांना चिकटवलेली नाहीत, आणि सगळी मेख तिथे आहे.

एक घनमीटर वाळलेलं सूचिपर्णी लाकूड साधारण पाऊण टन कार्बन डायऑक्साइड अडकवून ठेवतं. ते जाळलं किंवा कुजलं की सगळा हवेत परत. नुसतं ‘लाकूड वापरलं’ म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. तीच तुळई दुसऱ्या, तिसऱ्या इमारतीत गेली तर काही बात आहे. मजल्याच्या लाकडी पाट्यांवर आवाज दाबायला ओलं काँक्रीट ओतलं की पुढे दोन्ही वेगळं करताना घाम फुटतो. त्यापेक्षा कोरडी खडी पसरावी, उद्या फावड्याने भरून नेता येते.

पण स्क्रू म्हणजे रामबाण नव्हे. हातभर लांबीचे स्क्रू वर्षानुवर्षं लाकडात रुतून बसले की काढताना तुटू शकतात. निघाले तरी त्याच भोकात पुन्हा तसेच घट्ट बसत नाहीत. तुळईचं टोक कापून नव्या जागी नवा स्क्रू मारावा लागतो. म्हणून तुळई सुरुवातीलाच चार बोटं लांब ठेवावी, आणि जोर फार असेल तिथे बोल्ट वापरावा, असं माझं मत. शिवाय पन्नास वर्षांनी ती हातात घेणाऱ्याला कळणार कसं, की ही कोणत्या ताकदीची? या इमारतीच्या सामानाची नोंद मडास्टर नावाच्या नोंदवहीत आहे. २०१७ मध्ये ती सुरू करण्यात राऊच पुढे होते. प्रत्येक वस्तूला जणू पासपोर्ट. मला तो स्क्रूंच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो. कागद हरवला तर उत्तम तुळईसुद्धा सरपणच.

“पण अजून कुणी उघडून बघितलीये का ही?” मैत्रिणीने विचारलं. मी काहीच बोलले नाही. बाहेर पडलो तर पाऊस, आणि छत्री तिच्या घरी.

ती नुकतीच घर बदलून आली होती. पुस्तकांचं कपाट सुटं करून आणलं होतं, भुश्याच्या फळीचं. रात्री ते जोडायला बसलो. तिसऱ्या स्क्रूला भोक ढिलं निघालं, स्क्रू नुसता गरगर फिरत राहिला.

“आता गं?”

“काडेपेटी आण,” म्हटलं. दोन काड्या भोकात खुपसल्या, वरचे गुल मोडले आणि स्क्रू परत फिरवला. बसला. चौथ्यालाही काड्या लागल्या.