रंग लक्षात ठेवणारं प्लॅस्टिक

सोल्डरिंग करणाऱ्या कुणालाही हीट श्रिंक स्लीव्ह माहितीये. वायरीच्या जोडावर ती काळी नळी सरकवायची, हॉट एअर गन मारायची, नसेल तर लायटर, आणि दोन-तीन सेकंदांत ती जोडाला गच्च धरून बसते. मी हे शाळेत असल्यापासून करतोय, बाबांच्या रिपेअरिंगच्या दुकानात, आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं की गरम केलं की प्लॅस्टिक आखडतं, बास. पण ती नळी मुळात बारीकच बनवलेली असते, मग रेडिएशन देऊन तिच्यातल्या पॉलिमरच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या लांबलचक रेणूंच्या, साखळ्या एकमेकींना बांधून टाकतात, मग गरम करून फुगवतात आणि फुगलेली असतानाच गार करतात. म्हणजे आपण विकत आणतो ती ताणलेल्या अवस्थेत थिजलेली नळी, आणि गन मारली की ती आपल्या मूळ घरी परत जाते! अमेरिकेतल्या रेकेम कंपनीने 1957 पासून याच गोष्टीवर अख्खा धंदा उभा केला. याला शेप मेमरी पॉलिमर म्हणतात, मूळ आकार लक्षात ठेवणारं प्लॅस्टिक.

आता हे मध्येच का सांगतोय, तर गेले काही महिने मी याच्याच एका भावंडाबद्दल वाचतोय आणि ते डोक्यातून जातच नाहीये. आकार लक्षात ठेवणारं प्लॅस्टिक रंगही लक्षात ठेवू शकतं.

कसं, ते मोरपिसावर बघा. मोरपिसाचा निळा-हिरवा हा रंगद्रव्याचा नाहीच, आत फक्त मेलॅनिन आहे, म्हणजे आपल्या केसातलंच काळं-तपकिरी द्रव्य, त्याच्या बारीक कांड्या ठरावीक अंतरावर रचलेल्या असतात आणि त्या अंतराला जुळणारा रंगच परत फिरतो. बेंचवर पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, पुसायला आयपीए नावाचं पटकन उडणारं अल्कोहोल असतंच, त्याचा एक थेंब मी पिसाच्या डोळ्यावर टाकला. चमक गेली, निळा हिरवटाकडे सरकला, कारण कांड्यांच्या मधल्या हवेच्या जागी आयपीए शिरलं. थोड्या वेळात ते उडालं आणि रंग जसाच्या तसा परत. रॉबर्ट हूकने 1665 मध्येच लिहून ठेवलंय की मोरपीस पाण्यात भिजवलं की रंग जातो.

आता फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत पेंग जियांग आणि त्यांच्या टीमने काय केलं बघा. सिलिकाचे, म्हणजे वाळूत असतं त्याच पदार्थाचे, साधारण 300 नॅनोमीटरचे गोळे, केसाच्या जाडीत दोन-अडीचशे मावतील एवढे, लाडवासारखे थरावर थर रचले, मधल्या फटींत पातळ मोनोमर, म्हणजे ज्यापासून प्लॅस्टिक बनतं ते द्रव, भरला, यूव्ही प्रकाशाने कडक केला आणि मग ॲसिडने गोळे विरघळवून टाकले. उरली ती नुसत्या पोकळ्यांची जाळी. हिशोब करून बघितला तर अशा जाळीतून परत येणारा रंग हिरव्याच्या आसपास पडतो. आणि ही जाळी शेप मेमरी पॉलिमरची आहे!

अशा जाळीची पातळ फिल्म पाण्यात भिजवून वाळवली की रंग गायब, ती जवळपास पारदर्शक होते. तीच फिल्म इथेनॉलमध्ये भिजवून वाळवली की रंग हजर. म्हणजे दोन्ही वेळा फिल्म कोरडीच आहे, आत तेच प्लॅस्टिक, तीच हवा, फरक एवढाच की शेवटचं काय वाळलं. मला हे पहिल्यांदा वाचताना खरंच उठून दोन फेऱ्या माराव्या लागल्या. कारण आहे सरफेस टेन्शन, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाचा आक्रसून घेणारा ताण. पाण्याचं 72 मिलीन्यूटन प्रति मीटर, इथेनॉलचं 22. एवढ्याशा पोकळीतून पाणी वाळत जातं तेव्हा ते भिंती आत ओढतं, 150 नॅनोमीटर त्रिज्या धरली तर तो दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या नऊ-साडेनऊ पट येतो, कारच्या टायरमधल्या हवेच्या चौपट. पोकळ्या बसतात, रचना मोडते, रंग संपतो. इथेनॉल तीन पटीच्या आसपास ओढतं, तेवढं भिंती सहन करतात. आणि बसलेल्या पोकळ्या तशाच राहतात, कुणी आठवण करून देईपर्यंत.

आठवण करून द्यायला गरम करायचीही गरज नाही, हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण स्लीव्हला गन लागते आणि जिथे नाजूक वस्तूवर फिल्म लावायची तिथे गन कशी मारणार? 2015 च्या त्यांच्या पेपरमध्ये रूम टेंपरेचरलाच नुसतं दाबून रंग परत आणलाय, तोही लगेच. ॲसिटोनच्या वाफेनेही येतो.

यातून डिस्प्ले होतील, खोट्या मालाला ओळखणारी लेबलं होतील असं बरंच बोललं जातं. होतीलही. मला स्वतःला वाफेवालं जास्त आवडतं, कारण आमच्या दुकानासारख्या बंद खोलीत दिवसभर थिनर, आयपीए, ॲसिटोन उघडं असतं आणि तासाभरात नाक मरून जातं, वासच कळेनासा होतो. बॅटरी नको, वायर नको, भिंतीवर एक पारदर्शक पट्टी. मोरपिसावरचं आयपीए उडून गेलं की त्यावर काही पडलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. ही पट्टी मात्र वाफ निघून गेल्यावरही हिरवीच राहील, आणि सकाळी शटर उघडणाऱ्याला रात्री ॲसिटोनच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं होतं हे दारातूनच दिसेल.