कपडा कधी धुवायचा, हे काखेला विचारा

माझं काम कपडे दुरुस्त करायचं. उसवलेली शिवण, तुटलेली चेन, लांब बाही, रफू. त्यामुळे लोकांचे कपडे माझ्या हातात येतात ते चांगले वापरात असताना. टाचण्या लावत असते तेव्हा समोरच्या माणसाला गप्प उभं राहण्यापलीकडे काही काम नसतं, आणि मग हमखास तो प्रश्न येतो. "ताई, एक विचारू? ही जीन्स किती वेळा घालून धुवायची असते हो?" जीन्सच्या जागी कधी कुर्ता असतो, कधी ऑफिसचा शर्ट, कधी स्वेटर. आवाज मात्र तोच, जरा खालच्या पट्टीतला.

विचारणाऱ्यांचे दोन प्रकार. काहींना न धुण्याची परवानगी हवी असते. काहींना 'अंगाला लागलं की टाकलं मशीनमध्ये' या आपल्या शिस्तीबद्दल शाबासकी हवी असते. मी दोघांनाही नाराज करते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: दिवस मोजू नका, कपडा अंगाला कुठे चिकटतो ते बघा.

सोपं आधी उरकते. आतले कपडे, मोजे, व्यायामाचे कपडे एकदा घातले की धुवायला. यावर माझ्याशी वाद घालू नका. ब्रा घाम आला नसेल तर दोन-तीनदा चालते. आजारी माणसाचे, दवाखान्यात जाऊन आलेले, चिखलाचे, धुराचे कपडेही थेट बादलीत. खरा घोळ आहे तो उरलेल्यांचा. आपल्या भाषेत कोरा, धुवट, पारोसा, मळका अशा पायऱ्या आहेत. कोऱ्याचं आणि मळक्याचं काय करायचं ते कुणाला सांगावं लागत नाही. भांडणं होतात ती पारोशावरून.

घाम म्हणजे घाण असं आपण धरून चालतो. अंगावर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि त्यातल्या बहुतेकींतून येतं ते पाणी आणि मीठ. ताजं असताना त्याला जवळजवळ वास नसतो. काखेत आणि जांघेत मात्र दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात, वयात आल्यावर चालू होणाऱ्या. त्यांचा स्राव दाट आणि स्निग्ध. गंमत म्हणजे वास त्यालाही नसतो. तिथे मुक्कामाला असलेले जीवाणू तो खातात आणि मागे जे टाकतात, त्याला तो ओळखीचा वास. त्यात गंधक असलेली काही संयुगं इतकी उग्र असतात की नाकाला कणभर पुरतो. म्हणून लहान मूल दिवसभर उड्या मारून घामाने निथळलं तरी त्याच्या शर्टाला बापाच्या शर्टाचा वास येत नाही. मुलाचा शर्ट धुवायला लागतो तो डागांमुळे. बापाचा शर्ट डाग नसतानाही.

म्हणजे एकाच शर्टात दोन शर्ट असतात. पाठ, पोट, बाह्या हे एक प्रकरण. बगल आणि कॉलर हे दुसरं. पाठ भिजून वाळली तर मिठाची पांढरी रेघ उठते, एवढंच. बगलेत जे मुरतं ते वेगळंच.

हे मला शिकवलं इस्त्रीने. काही वर्षांपूर्वी एक टी-शर्ट आला होता, अंगात घट्ट होता, बाजूच्या शिवणी सोडायच्या होत्या. पॉलिस्टरचा, नीट धुतलेला, घडी घातलेला, साबणाचा मंद वास येणारा. शिवणी सोडल्या, नव्या घातल्या आणि दाबून बसवायला वाफेची इस्त्री फिरवली. बगलेवर इस्त्री आली मात्र, आणि वाफेबरोबर असा भपकारा वर आला की मी खिडकी उघडली. कपडा धुतलेला होता, यात शंका नाही. धुऊनही ते त्यात बसलेलं होतं आणि ओल व ऊब मिळायची वाट बघत होतं. तो टी-शर्ट घालून माणूस सकाळी घराबाहेर पडत असणार, आणि तासाभरात त्याच्याच अंगाची ऊब हे काम करत असणार.

सुती कापडाच्या बाबतीत असं क्वचित होतं. सूत ओलावा आत ओढून घेतं. साध्या हवेतसुद्धा त्याच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतं. त्याला पाणी नको असतं, तेल मात्र ते धरून ठेवतं, आणि काखेतला माल तेलकटच असतो. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २६ जणांना व्यायामाच्या सायकलवर घाम गाळायला लावून त्यांचे टी-शर्ट जमा केले आणि वास ओळखण्याचा सराव असलेल्या लोकांना हुंगायला दिले. (नोकऱ्या कशाकशा असतात!) पॉलिस्टरच्या शर्टांचा वास सुतीपेक्षा वाईट ठरला, आणि मायक्रोकोकस नावाचे जीवाणू पॉलिस्टरवर विशेष पोसतात असं दिसलं. हे २०१४ साली छापून आलं. म्हणून 'पटकन वाळतो' म्हणून घेतलेला खेळाचा टी-शर्ट दुसऱ्यांदा घालायचा विचार करू नका. तो घाम कोरडा होईपर्यंत वाळतो, स्वच्छ होईपर्यंत नाही. धुताना आधी उलटा करा, बगल ओली करून तिथेच साबण चोळा आणि अर्धा तास तसाच ठेवा. साबणाला वेळ लागतो. भरभर घुसळून निघत नाही ते.

आता जीन्स, कारण सगळ्यात जास्त विचारणा तिचीच. लिव्हायसचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी २०१४ मध्ये भर कार्यक्रमात सांगितलं की अंगावरची जीन्स वर्षभराची आहे आणि अजून मशीनमध्ये गेलेली नाही. डाग पडला तर तेवढाच पुसतो, अगदीच गरज पडली तर हाताने धुवावी, हेही त्यांनी नंतर सांगितलं. ऐकणाऱ्यांनी पहिलंच वाक्य लक्षात ठेवलं. दुसरी गोष्ट कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातली. तिथल्या एका विद्यार्थ्याने एकच जीन्स १५ महिने न धुता वापरली आणि मग तिच्यावरचे जीवाणू मोजले गेले. जीन्स धुतली, पुन्हा १३ दिवस वापरली, पुन्हा मोजणी. आकडे जवळपास सारखेच. हे मला एकाने फार उत्साहाने सांगितलं होतं, तो उभा होता त्याच जीन्सच्या बचावासाठी. मी म्हटलं, यातून एवढंच कळतं की जीवाणू १३ दिवसांतच घर भरून टाकतात. आणि ते त्या विद्यार्थ्याच्याच कातडीवरचे होते, त्याला त्यांचा त्रास नव्हता. शेजारी बसणाऱ्याला कुणी विचारलं होतं का?

जीन्स रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्लाही फिरत असतो. प्रयोगशाळेत जीवाणू जपून ठेवायचे असतील तर ते गोठवूनच ठेवतात, एवढं सांगितलं की पुरे.

माझा स्वतःचा अनुभव असा. माझ्याकडे येणाऱ्या जीन्स गुडघ्यावर कमी फाटतात, आसनात, म्हणजे दोन्ही पाय जुळतात तिथे, जास्त. आतून उलटी करून पाहिली की तिथलं कापड पिंजलेलं असतं, पलीकडचं बोट दिसेल इतकं. चालताना मांड्या घासतात, त्यात घाम, त्यात बारीक धूळ, म्हणजे पॉलिश पेपरच. कधीच न धुतलेल्या जीन्सचं आसन आणि रोज धुतलेल्या जीन्सचं आसन, दोन्ही मी शिवलेली आहेत. ऑफिसात बसून काम करणाऱ्याची जीन्स आठ-दहा वेळा घालून धुतली तर काही बिघडत नाही. उन्हात चालत फिरणाऱ्याची तीनदाच. आणि 'दिसत नाही ना मळकी' हा पुरावा चालणार नाही. गडद निळा हा मळखाऊ रंग आहे. मळखाऊ रंग मळ खात नाही, लपवतो.

रोज धुणाऱ्यांनी आता ऐकायचं. मशीनच्या किंवा ड्रायरच्या जाळीत जो करडा, कापसासारखा थर जमतो तो एकदा चिमटीत घेऊन बघा. त्यातली धूळ थोडी. बाकी सगळा तुमचा कपडा आहे, प्रत्येक धुण्यात थोडा थोडा निघून गेलेला. कृत्रिम धाग्यांचे असेच तंतू पाण्याबरोबर पुढे जातात. ब्रिटनच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हिशोब मांडला होता की ६ किलो अ‍ॅक्रिलिकच्या एका धुण्यातून ७ लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात. शर्टाच्या कफची घडी विरते, कॉलरच्या टोकांना आतलं बक्रम, म्हणजे कडक अस्तर, दिसायला लागतं, काळ्या पॅन्टची शिवण पांढरी पडते. यातलं बरंचसं अंगावर होत नाही, मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांवर घासून होतं. उलटं करून धुतलं तर निम्मं नुकसान आतल्या बाजूला जातं, जिथे कुणी बघत नाही.

शिवाय सगळी कापडं पाण्याला सारखी तोंड देत नाहीत. सूत ओलं झालं की उलट मजबूत होतं, तर व्हिस्कोजची ताकद ओलेपणी जवळजवळ निम्मी होते. हे मला पाठ आहे, दुसऱ्यांना शंभरदा सांगितलंय, आणि तरी एका संध्याकाळी घाईत स्वतःचाच व्हिस्कोजचा टॉप चादर पिळावी तसा पिळला. खांद्यापाशी टर्रकन. मग स्वतःच्या हाताने ठिगळ.

स्वेटरची गोष्ट पॉलिस्टरच्या नेमकी उलट. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. तिच्यावर वास टिकतही नाही फारसा. आत सुती कपडा असेल तर स्वेटर थंडीभर न धुता, नुसता हवेवर टाकून वापरता येतो. मी तेच करत आले. एका वर्षी थंडी संपता संपता एकदाच घातलेला करडा स्वेटर 'एकदाच तर घातलाय' म्हणून तसाच घडी करून ठेवला. पुढच्या थंडीत काढला तर कसर लागलेली. भोकं मी मोजली, सवयच आहे. काखेत दोन, मानेशी एक, आणि छातीवर जिथे काहीतरी सांडलेलं मी रुमालाने पुसलं होतं, बरोबर तिथे तीन. बाकीचा अख्खा स्वेटर धड. कसरीची अळी लोकर खाते खरी, पण नुसत्या लोकरीवर तिचं नीट भागत नाही. घाम, अंगाचं तेल, सांडलेलं अन्न असेल तिथे ती आधी बसते. तेव्हापासून स्वेटर हंगामात धुवत नाही, पण कपाटात जाण्याआधी धुतल्याशिवाय सोडत नाही.

हेच फिकट शर्टांचंही. कॉलरवरचं तेल आज दिसत नाही. तसाच ठेवला की महिन्या-दोन महिन्यांत हवेने पिवळं पडतं, आणि वरून इस्त्री केलीत तर पक्कं. पारोसा कपडा खुंटीवर चालतो, कपाटात नाही. माझ्या दारामागे त्यासाठी दोन खुंट्या आहेत, आणि नियम एवढाच की तिसऱ्या कपड्याला जागा नाही. घरी आल्यावर कपडा उलटा करून टांगायचा, बगल बाहेर, हवा लागेल असा. एकावर एक ढीग केला तर ओल आतच राहते आणि सकाळी चांगला कपडाही कुबट होतो. कुर्ता दुसऱ्यांदा घालायचा असेल तर रात्री फक्त गळा आणि बगल बेसिनमध्ये साबणाने धुऊन घेते. पाच मिनिटांचं काम. अख्खा कुर्ता पिळायला नको, सुकायची काळजी नको.

वास बघायचा तोही सकाळी, अंघोळ करून, दुसऱ्या खोलीतून आल्यावर. अंगात असताना आपल्याच कपड्याचा वास घेऊ नका, नाकाला त्याची केव्हाच सवय झालेली असते, ते खोटं बोलतं. हे मी परवा एका गृहस्थांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पिशवीतून शर्ट काढला, मान वळवून एकदा हुंगला, पुन्हा हुंगला, आणि मग 'तुम्हीच बघा' म्हणून माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावला आणि विचारलं, बटणं सगळी बदलायची आहेत की एकच?