साडेछप्पन्न डॉलर

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा इथे कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये शनिवारची रात्र होती, म्हणजे बडोद्यात रविवारची सकाळ. नवी गिटार सोफ्यावर आडवी, शेजारी माझा चहाचा मग. बाबांचा अंगठा आला, दादाचं 'मस्त' आलं. मग आत्याने विचारलं, "आणि जुनी?"

जुनी दुकानात देऊन ही घेतली, असं मी लिहिलं. त्यानंतर चार तास ग्रुपवर काहीच नाही. आमच्या ग्रुपवर सुप्रभातची फुलंसुद्धा यायची थांबली म्हणजे प्रकरण गंभीर आहे असं समजायचं. शेवटी आत्याचाच मेसेज: "बापाने पोटाला चिमटा काढून घेतलेली वस्तू. बोहारणीला घातलीस."

मला ते 'बोहारणीला' लागलं. म्हणून ही पोस्ट. आत्या ब्लॉग वाचते हे मला माहीत आहे, फक्त प्रतिक्रिया देत नाही.

तर आधी पोटाच्या चिमट्याचं बघू. गिटार घेतली 1997 च्या दिवाळीत, रावपुऱ्यातल्या दुकानातून, बाबांच्या बोनसमधून, 1,450 रुपयांना. बाबांना ते जड गेलंच असणार, ते मी नाकारत नाही. पण दांडिया बाजारातल्या आमच्या घरात त्या गिटारला सगळ्यात जास्त विरोध कोणी केला? आत्याने. ती शिकलेली सुरसागरासमोरच्या संगीत महाविद्यालयात. ज्या गावात मौलाबक्षांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली, ज्या दरबारात फैयाज खाँ गायले, तिथल्या मुलीने उभ्याने ठँव ठँव करायचं? घरात पेटी आहे, तंबोरा आहे, आणि ही कसली ताबूतासारखी रंगवलेली पेटी? रंग भडक होता, हे खरं. कडेला लाल, मध्ये पिवळा. कलकत्त्याची बनावट, सगळी प्लायची. आज तीच आत्या तिला 'बापाची आठवण' म्हणते.

26 जानेवारी 2001 ला सकाळी पावणेनऊला आम्ही टीव्हीसमोर परेडची वाट बघत होतो. जमीन हलली आणि आम्ही सगळे जसे होतो तसे रस्त्यावर. परत वर आलो तेव्हा कपाटावरची गिटार खाली पडलेली, आणि तिच्या कुशीला, कमरेच्या वळणावर, बोटभर लांब तडा. मी तोंड पाडून बसले. संध्याकाळी भुजची दृश्यं टीव्हीवर यायला लागली आणि गिटारचं नाव काढायचीही लाज वाटली. दीडदोन महिने ती तशीच कोपऱ्यात.

मग एका रविवारी बाबांनी तारा सैल केल्या, मधल्या भोकातून हात घातला, तड्यात फेविकॉल भरलं आणि आतून गुंदरपट्टी लावली. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: एका बाजूला डिंक लावलेली कागदी पट्टी. उत्तरायणाला फाटलेला पतंगही हिनेच सांधायचा आणि मांज्याने कापलेलं बोटही.) उत्तरायण होऊन फार दिवस झाले नव्हते, घरात अर्धं रीळ उरलं होतं. पट्टी बसवायला त्यांनी चमच्याचा दांडा वापरला आणि दोन तास कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

ही गिटार मी 2019 मध्ये इकडे आणली. आता इथला हिवाळा. बाहेर उणे 15, घरात चोवीस तास हीटिंग, आणि हवा पापडासारखी. गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता लागते म्हणतात. माझ्या खोलीतलं मीटर जानेवारीत 22 दाखवतं. लाकूड सुकून आकसलं की फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन हाताला बोचतात. पण खरं दुखणं त्याहून जुनं होतं. हिच्या मानेत बाक सरळ करायचा रॉड नव्हता, त्यामुळे तारांच्या ताणाने मान वर्षानुवर्षं वाकत गेलेली, आणि पोट ब्रिजमागे, म्हणजे तारा खाली अडकवतात त्या पट्टीमागे, फुगलेलं. तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. एखादा धडधाकट माणूस अठ्ठावीस वर्षं मानेला लोंबकळत असेल तर वाकणारच की.

तर त्या शनिवारी मी ती घेऊन गावातल्या वाद्यांच्या दुकानात गेले. गावात अशी दुकानं आहेत: जुनी वाद्यं घेतात, तपासतात, दुरुस्त करून भिंतीवर टांगतात. काउंटरवरच्या दाढीवाल्या मुलाने आधी माझं ओळखपत्र मागितलं आणि एक फॉर्म भरायला घेतला. सीरियल नंबर? नाही. मॉडेल? नाही. बनावटीचं वर्ष? घेतल्याचं वर्ष सांगते, चालेल का? तो हसला नाही, त्याने लिहिलं. मग छोटा टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा काढला आणि वीस मिनिटं माझ्या गिटारच्या पोटात बघत राहिला.

वीस मिनिटं! आपल्याकडे बोहारीण साडी उजेडाकडे धरते ती भोक शोधायला. भोक सापडलं की तिचा चेहरा पडतो, "ताई, ह्याच्यावर तर वाटीपण येणार नाही," आणि मग आई आतून आणखी एक पॅन्ट आणून टाकते. सौदा म्हणजे काय ते मी असं ओट्यावर बसून शिकलेय. त्यामुळे हा मुलगा जसजसा आरसा फिरवत होता तसतशी मी मनातल्या मनात माझं उत्तर तयार करत होते. बाराव्या फ्रेटवर त्याने पट्टी लावून तारेची उंची मोजली आणि मलाही दाखवली. 5 मिलिमीटर. साधारण अडीच असायला हवी.

मग म्हणाला, "हे बघा." आरशात ती होती. पिवळी पडलेली, एका टोकाला किंचित वळलेली गुंदरपट्टी. तडा एक केसभरही उघडलेला नाही. त्याने विचारलं, कोणी केलं हे? म्हटलं, वडिलांनी. काय वापरलंय? आता गुंदरपट्टीला मी इंग्रजीत काय सांगणार? पतंग चिकटवायची पट्टी, म्हटलं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

आणि मग तो म्हणाला, मान नीट बसवायचा खर्च हिच्या किमतीच्या कितीतरी पट होईल, तो करू नका. मी 50 डॉलर देऊ शकतो. पण तुमच्या जागी मी असतो तर दिली नसती.

ह्या वाक्याचा मला जो राग आला तो अजून पूर्ण गेलेला नाही. अरे, तुला घ्यायची आहे ना? मग भाव पाड, तोंड वाकडं कर, निदान "आजकाल कोण घेतं हे" तरी म्हण. भोक शोधून काढायचं आणि मग म्हणायचं, ताई, साडी छान आहे, जपून ठेवा. ह्यावर माणसाने काय करायचं? इथल्या लोकांचा हा एक चांगुलपणा आहे जो समोरच्याला एकटं पाडतो. घासाघीस असती तर मी भांडले असते, दहा डॉलर वाढवून घेतले असते, जिंकून घरी आले असते आणि अपराधी वाटायला वेळच मिळाला नसता. इथे निर्णयाचं सगळं ओझं माझ्यावर टाकून तो शांतपणे टॉर्चची बॅटरी बदलत उभा. आपल्याकडच्या दुकानदाराने गंडवलं असतं, कबूल. पण चहा पाजून गंडवलं असतं, आणि घरी जाऊन शिव्या द्यायला एक माणूस मिळाला असता.

नवरा म्हणतो की तो मुलगा फक्त खरं बोलला. असेल.

मी दिली, कारण तोवर मी भिंतीवरची एक उतरवून वाजवली होती. सीगल, वापरलेली, क्वेबेकमधल्या ला पात्री नावाच्या खेड्यात बनलेली. वरची फळी सीडरची, कुशी आणि पाठ चेरीची, डोकं निमुळतं म्हणजे तारा खुंट्यांकडे जवळजवळ सरळ जातात. बोटांखालची पट्टी रोजवुडची, म्हणजे शिसवीची. "बहुतेक तुमच्याच देशातलं," तो म्हणाला, आणि मी लगेच त्याला आमच्या आजीच्या शिसवी पाटाबद्दल सांगितलं, जसं काही ते झाड आम्हीच लावलं होतं. ह्या शिसवीपायी 2017 पासून जवळजवळ तीन वर्षं गिटार दुसऱ्या देशात विकायला पाठवायची तर परवाने लागत होते. नोव्हेंबर 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. आजी त्याच लाकडावर बसून वांगी चिरायची.

पण मी सांगत होते ते वेगळंच. गिटार शिकलेल्यांना माहीत आहे की एफ कॉर्ड म्हणजे काय प्रकार असतो. तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून धरायची. मला तो 1997 पासून कधीच लागला नाही. दोन तारा मुक्याच राहायच्या. मास्तर म्हणायचे जोर लाव. आत्या म्हणायची, हिची बोटं पेटीची आहेत, पेटीला बसवा. मीही तेच धरून चालले होते की माझ्याच बोटांत दम नाही. एफ असलेली गाणी मी सोडून द्यायचे, किंवा तिथे आल्यावर जोरात गायचे.

त्या दुकानात सीगलवर मी एफ धरला आणि सहाच्या सहा तारा वाजल्या. पहिल्या फटक्यात. मी परत धरला. परत वाजल्या. मी तिथे स्टुलावर बसून पंधरा मिनिटं फक्त एफ वाजवत होते, दुकानात इतर गिऱ्हाईकं असताना, त्रेचाळीसाव्या वर्षी.

आता सांगा, आठवण म्हणून काय भिंतीवर टांगायचं होतं? अठ्ठावीस वर्षं मला खोटं पाडलं ते लाकूड? (हे वाक्य बाबांना वाचून दाखवू नये ही विनंती. त्यांची पट्टी टिकली आहे, तेवढं सांगावं.) आणि दोन खोल्यांच्या घरात दोन गिटारी ठेवायच्या तर एक पलंगाखाली जाते. पलंगाखालच्या वस्तूला आठवण म्हणत नाहीत, सामान म्हणतात.

आता बिल. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी पुढे जावं, पण मी अलकापुरीतल्या एका सीएच्या ऑफिसात सात वर्षं काढली आहेत आणि ह्या बिलाने मला जेवढा आनंद दिला तेवढा लग्नाच्या अल्बमनेही दिलेला नाही. सीगल 429 डॉलर. वजा जुनी गिटार 50. उरले 379. आणि इथला 13 टक्के एचएसटी (आपल्या जीएसटीसारखा विक्रीवरचा कर) लागला तो ह्या 379 वर! म्हणजे 49.27. एकूण 428.27. करासकट दिलेले पैसे करापूर्वीच्या किमतीपेक्षा त्र्याहत्तर सेंटांनी कमी.

आपल्याकडे जीएसटी आला तेव्हा नियम 27 खालचं उदाहरण आम्हाला पाठ होतं. जुना फोन देऊन नवा 20,000 ला मिळतो, पण न देता घेतला तर 24,000 ला. कर कशावर? 24,000 वर. इथे देणारा माझ्यासारखा साधा गिऱ्हाईक असेल, व्यापारी नसेल, तर कर फक्त वरच्या फरकावर. जुन्या वस्तूवर पूर्वी एकदा कर भरून झाला असेल, तो पुन्हा कशाला, असा त्यामागचा विचार. माझ्या गिटारने कॅनडाला आजवर छदामही दिला नव्हता, तरी तिला ही सूट मिळाली. काउंटरवर मी हे त्या मुलाला समजावून सांगायला लागले तर तो म्हणाला, "मशीन आपोआप करतं." असं असतं इथे. चांगला नियम आहे आणि कोणाला त्याचं कौतुक नाही. आपल्याकडे निदान वाद तरी घातला असता. आणि आपला नियम चुकीचा आहे असंही मी म्हणत नाही. घरोघरच्या भंगाराच्या किमती आपल्याकडे कोण तपासत बसणार? प्रत्येक फ्रीजमागे एक काल्पनिक जुना फ्रीज निघाला असता.

जुनी न देता घेतली असती तर 484.77 पडले असते. फरक 56.50. तर आत्या, बोहारणीने दिलेल्या 50 वर सरकारने साडेसहा घातले. साडेछप्पन्न डॉलर. बाबांनी 1,450 ला घेतलेल्या वस्तूचे, आजच्या दराने, साडेतीन हजारांवर आले.

इथे पोस्ट संपणार होती. पण काल साबणाच्या डबीत ओला स्पंज घालून गिटारच्या केसमध्ये ठेवायचा देशी उपाय फसला (डबी सांडली), म्हणून आर्द्रतेची नीट पुडी आणायला परत त्याच दुकानात गेले. ती भिंतीवर होती. लाल-पिवळी, पुसून लख्ख. खाली चिठ्ठी: भारतीय बनावट, 1997, कुशीला जुनी भक्कम दुरुस्ती, स्लाइडसाठी उत्तम. 129 डॉलर.

129! मला रागही आला आणि छातीही फुगली, दोन्ही एकदम. तो मुलगा ओळखीचं हसला. म्हणाला, तारा एवढ्या वर असलेली गिटार बोटांनी वाजवायला त्रास, पण लोखंडी नळी फिरवून वाजवायची तर असंच हवं. खाली असल्या तर नळी फ्रेटवर आपटते. त्या कोपऱ्यात एक साठीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी ती मागून घेतली, मांडीवर आडवी, सपाट ठेवली आणि डाव्या हाताने नळी सरकवत नेली. मींड म्हणतात तशी मींड. माझ्या त्या गिटारमधून.

मी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. बाबांचा अंगठा आला. आत्या गिटार मांडीवर आडवी ठेवून राग वाजवणाऱ्या विश्वमोहन भट्टांची भक्त आहे, त्यांना 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं तेव्हा तिने चाळभर पेढे वाटले होते. पंधरा दिवसांनंतर तिचा पहिला मेसेज आला:

"तेव्हाच आडवी धरायची होतीस."